बिरदेव वस्तीचं दूध

शेळगाव, ता. इंदापूर
१७ जानेवारी १९९९

नागेशभाऊजी,

नमस्कार. तुमचा अमेरिकेचा पत्ता मला बारामतीच्या आपल्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटच्या घरमालकांकडून मिळाला. तुम्ही त्यांना दर दिवाळीला कार्ड पाठवता, हे आम्हाला माहीत नव्हतं.

ऑगस्टमध्ये किराणा दुकानावर तुमचा फोन आला तेव्हा मी उठून येऊ शकले नाही. आबांशी तुमचं काय बोलणं झालं तेही मला ठाऊक नाही. ते परत आले, "न्हाय जमायचं म्हणतोय यायला," एवढं म्हणाले आणि शेळ्यांना पाला घालायला गेले. त्यानंतर घरात तो विषय निघालेला नाही. हे पत्र त्याबद्दल नाही.

कामाचं लिहिते. हे गेल्यापासून दूध संस्थेत कॉम्प्युटरच्या मशीनवर मी बसते. सात वस्त्यांवरून दुधाचे कॅन येतात, सकाळी आणि संध्याकाळी. दत्तोबा फॅट काढतो आणि चिठ्ठी देतो, मी आकडे भरते. शेवटी ह्यांचा प्रोग्रॅम चालवला की वस्तीवार यादी छापून येते आणि टँकरबरोबर संघाकडे जाते. गेले पाच महिने एकही यादी चुकलेली नाही.

आता संस्था जूनमध्ये नवीन मशीन घेणार आहे. सन दोन हजार लागलं की जुने प्रोग्रॅम बंद पडतात असं सगळीकडे बोललं जातंय. पुण्याची एक कंपनी स्वतःचा प्रोग्रॅम आणि तो चालवायला स्वतःचा माणूस द्यायला तयार आहे. आमचे चेअरमन सर्जेराव मनानं वाईट नाहीत, पण त्यांनी स्पष्ट सांगितलं, "ताई, मल्हाररावांचा प्रोग्रॅम दोन हजारात चालत असंल तर खुर्ची तुमची. न्हाय तर आमाला त्यो माणूस घ्यावा लागंल."

माझा भाऊ म्हणतो, छकुलीला घेऊन बारामतीला ये, एमआयडीसीतल्या डेअरीत पॅकिंगचं काम बघू. मला इथून जायचं नाही. कारण विचारलंत तर मला नीट सांगता येणार नाही.

प्रोग्रॅमची मूळ फाइल माझ्याकडे आहे. ह्यांनी वर्षासाठी दोनच आकडे ठेवलेत, ते मी चार करू शकेन. पण नव्या मशीनवर हे चालेल का, आणि नसेल तर काय करायचं, एवढं तुम्ही कार्डावर कळवलंत तरी पुरे.

झुंबर

ता. क. छपाईची अडचण नाही. ह्यांच्या पिशवीत प्रिंटरची नवी रिबन सापडली होती. तीच आणायला ते त्या शेवटच्या दिवशी बारामतीला गेले होते. ती मी चढवली आहे.


शेळगाव
९ मार्च १९९९

नागेशभाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. कार्ड पुरे म्हटलं होतं, तुम्ही चार पानं लिहिलीत. त्यातली साडेतीन पानं प्रोग्रॅमबद्दल आहेत हे बरं झालं. उरलेल्या अर्ध्या पानाचं उत्तर मी आज देत नाही. आबांना मात्र ते वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं आणि मग म्हणाले, "अक्षर तसंच हाय त्याचं. कोंबडीचं."

तुम्ही विचारलंत, प्रोग्रॅम सुरू कसा करता, सुरू करताना त्याला काय काय देता. सांगते. आधी प्रोग्रॅमचं नाव टाईप करायचं, पुढं तारीख, आणि तारखेपुढं त्या वेळेला ज्या वस्त्यांचं दूध आलं त्यांची नावं, कॅन ज्या क्रमानं आले त्या क्रमानं. बिरदेव वस्ती नेहमी पहिली, कारण त्यांची जीप सगळ्यात आधी निघते. पावसात एखाद्या वस्तीची वाट बंद झाली तर तिचं नाव लिहायचं नाही, मग यादीत तिचं पान निघत नाही. तारीख हातानं द्यावी लागते, कारण जुन्या मशीनच्या घड्याळाचा सेल केव्हाच संपलाय. चालू केलं की रोज ते एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी दाखवतं. सेल मिळेपर्यंत म्हणून ह्यांनी ही सोय केली होती, आणि मग तीच राहिली.

हे लिहिताना इन्स्टिट्यूटचे दिवस आठवले. सन त्र्याण्णव. भिगवण रस्त्यावर खाली सायकलचं दुकान आणि वर आपल्या दोन खोल्या. मशीन दोन, विद्यार्थी बारा. आधी वहीत प्रोग्रॅम लिहायचा, सरांनी तपासला की मगच मशीनला हात. तेव्हा मी ह्यांना सर म्हणायची. तुम्ही मागच्या टेबलाशी कुठलं तरी मशीन उघडून बसलेले असायचात आणि सरांचं काही चुकलं की मान वर न करता दुरुस्त करायचात. आम्हा मुलींना त्याची फार गंमत वाटायची.

सरांनी मेन शिकवलं तो दिवस मला चांगला आठवतो. ते म्हणाले, मेंढ्या रात्री जाळीच्या वाघरीत कोंडतात. वाघर केवढीही असो, सकाळी मेंढ्या सोडायचं तोंड एकच. प्रोग्रॅममध्ये शंभर फंक्शनं असू द्यात, कितीही क्लास असू द्यात, मशीन आत शिरतं ते मेनमधूनच. आणि तिथं शिरताना त्याच्याबरोबर काही निरोप द्यायचा असेल तर तो प्रोग्रॅमच्या नावापुढं लिहायचा, म्हणजे मेनला तो ओळीनं मिळतो.

मग त्यांनी खडूच्या पेटीतून एकेक खडू टेबलावर ठेवायला सुरुवात केली. "लाभ, दोन, तीन, चार." खळ्यावर धान्य मापताना आपण मोजतो तसं. आम्ही खेड्यातली पोरं हसलो. बारामतीची एक मुलगी होती, तिनं वही बंद करून विचारलं, "सर, एक कुठं गेला?" सर म्हणाले, निरोपांच्या रांगेत पहिल्या जागेचा नंबर शून्य असतो. तोच आपला लाभ. त्या जागेवर प्रोग्रॅमचं स्वतःचं नाव बसलेलं असतं. लाभ सोडायचा, आपला माल त्याच्या पुढून. तुम्ही मागून काहीतरी बोललात आणि सगळे पुन्हा हसले. काय बोललात ते आता आठवत नाही. सर थोडे रागावले होते, एवढं आठवतं. तुम्ही चहाला निघून गेलात.

लाभ सोडायचा, हे मी परीक्षेत तसंच लिहिलं होतं. सरांनी खाली लाल शाईनं लिहिलं, बरोबर, पण परीक्षेत शून्य लिहा.

मूळ फाइलीची छापील प्रत सोबत पाठवते आहे. पोस्टाला वजन जास्त होईल, होऊ दे.

झुंबर


शेळगाव
२० जून १९९९

नागेशभाऊजी,

तुमची सीडी आणि छापील पानं मिळाली. सीडी फुटू नये म्हणून तुम्ही ती बनियनमध्ये गुंडाळून पाठवलीत. आबांनी बनियन ठेवून घेतलं. "अमेरिकेतबी असलंच घालत्यात व्हय," म्हणाले.

नवीन मशीन आलं. त्याचं घड्याळ चालतं. पडदा रंगीत आहे आणि सर्जेराव येईल त्या पाहुण्याला तो दाखवायला घेऊन येतात. मी एका बाजूला सरकून बसते.

तुम्ही सगळा प्रोग्रॅम जावा ह्या नव्या भाषेत पुन्हा लिहिलात. मी रोज दुपारी एकेक पान वाचते. वस्तीचा एक क्लास, सभासदाचा एक, यादीचा एक. ह्यांनी सगळं एका लांबलचक फाइलीत कोंबलं होतं, तुम्ही खोल्या पाडल्यात. ह्यांना हे आवडलं असतं का, ते मला सांगता येणार नाही. मला कळलं, आणि मला आवडलं.

शेवटच्या पानावर तुम्ही मेन रिकामं ठेवलंत आणि खाली लिहिलंत, "वहिनी, हे तुम्ही लिहा. सुरुवात कशी होते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे." आधी मला वाटलं पान गहाळ झालं. मग वाटलं तुम्ही माझी परीक्षा घेताय. आता मी तसं समजत नाही.

इथं मेन एका क्लासच्या आत लिहायचं असतं, हे बघून मला शहाण्णवचा शिमगा आठवला. तुम्ही पुण्याहून जावाची फ्लॉपी घेऊन आला होता. मी मांडीवर छकुलीला घेऊन चहा गाळत होते, तुम्ही दोघं आतल्या खोलीत होता. हे म्हणत होते, आपल्या सी प्लस प्लसमध्ये मेन सगळ्या क्लासच्या बाहेर उभं असतं तेच योग्य आहे, दार सगळ्यांचं असतं, कुठल्या एका घराचं नसतं. तुम्ही म्हणालात, "दादा, जावात दार कुठल्या तरी घराचंच असतं. कुणाचं, ते आधी ठरवावं लागतं." त्यानंतर बोलणं जावाचं राहिलं नाही. इन्स्टिट्यूट कुणाचं, पाटीवर नाव कुणाचं, शेळगावला परत कोण जाणार, असं वाढत गेलं. चहा गार झाला. संध्याकाळी तुमची बॅग जिन्यात होती.

इन्स्टिट्यूट बंद करून आम्ही इकडे आलो त्या दिवशी ह्यांनी पाटी काढली. तुमच्या नावाची बाजू बाहेर ठेवून ती टेम्पोत लावली होती. का, ते मी विचारलं नाही.

मेन लिहिलं आहे. यादीच्या क्लासमध्ये ठेवलं आहे. अवघड वाटलं नाही. जुन्यात शून्यावर प्रोग्रॅमचं नाव, एकवर तारीख, दोनपासून वस्त्या. नव्या मशीनचं घड्याळ चालतं, म्हणून तारीख काढून टाकली आणि वस्त्या एकपासून घेतल्या. चालवून बघितलं, सातही वस्त्यांची पानं आली. दत्तोबा शेजारी उभा होता. त्याला एवढंच खटकलं की प्रोग्रॅमच्या नावातला पहिला डी मोठ्या लिपीत टाईप केला नाही तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही. म्हणाला, "लई मानपानाचा दिसतोय तुमचा जावा."

दोन महिने जुनं नवं दोन्ही चालवून बघू आणि सप्टेंबरपासून फक्त नवं, असं सर्जेरावांनी ठरवलं आहे.

छकुली बालवाडीत जायला लागली. तुमचं नाव विचारते. मी सांगितलं.

झुंबर


शेळगाव
११ सप्टेंबर १९९९

नागेशभाऊजी,

घाईत लिहिते आहे. तुमच्या प्रोग्रॅममध्ये मोठी चूक आहे.

एक तारखेपासून जुनं मशीन बंद केलं. काल संघाचा माणूस आला. आठवडाभर यादीतल्या दुधापेक्षा टँकरमध्ये दूध जास्त भरतंय, म्हणजे संस्थेत पाणी घातलं जातंय, असं तो सर्वांसमोर म्हणाला. याद्या काढून बघितल्या तर बिरदेव वस्तीचं पान एकाही दिवशी नाही. त्यांची जीप पहिली येते आणि पहिली परत जाते, त्यामुळे यादीची प्रत भिंतीवर लावतो ती त्यांच्यापैकी कुणी बघत नाही. आणि मी बघितली नाही. दोन महिने रोज ताळा घेतला, एकदाही फरक आला नाही, म्हणून सोडून दिलं.

बिरदेव वस्ती म्हणजे आपलीच माणसं, हे तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी लीलाबाई चुलती आल्या. आत आल्या नाहीत, दारातूनच बोलल्या. "आमचं दूध कागदावर न्हाय. अन् टँकरात पानी हाय म्हनत्यात. म्हंजी आमचं दूध पानी व्हय गं?" मग आबांकडं वळून म्हणाल्या, "भावजी, सून शिकल्याली आणली तुमी. आमाला वाटलं, आपलं मानूस बसलंय खुर्चीत."

आबांनी पाणी दिलं, ते चुलतींनी घेतलं नाही.

दत्तोबाकडे फॅटच्या चिठ्ठ्या असतात, त्यामुळे दूध किती होतं ते लावता येईल. पण विषय आता दुधाचा राहिलेला नाही. ऑक्टोबरमध्ये संचालकांची बैठक आहे, त्यात माझ्या खुर्चीचं ठरणार. सर्जेराव म्हणाले, चूक अमेरिकेची असेल तर तसं बैठकीत सांगा, मिटून जाईल.

तुमचा वस्तीचा क्लास मी तीनदा वाचला. मला त्यात चूक सापडत नाही, पण ती तिथंच असणार. इतक्या लांबून लिहिलेलं, इथली रांग न बघता लिहिलेलं. लवकर उत्तर पाठवा.

झुंबर


शेळगाव
१५ सप्टेंबर १९९९

नागेशभाऊजी,

मागचं पत्र अजून वाटेतच असेल. ते तुमच्या हातात पडेल तेव्हा हेही दोन-चार दिवसांत पडेल, अशी आशा आहे. त्यातलं तुमच्याबद्दलचं सगळं मी मागे घेते. चूक तुमची नाही.

काल दुपारी आबा नव्या बाजरीचं माप घेत होते. छकुली पोत्याचं तोंड धरून बसली होती. आबांनी पहिली पायली ओतली आणि म्हणाले, "लाभ." छकुली म्हणाली, "लाभ." मग दोन, मग तीन. मी भाकरी थापता थापता ऐकत होते आणि एकदम आठवलं, खडू मोजायच्या दिवशी तुम्ही मागून काय बोलला होता ते. तुम्ही म्हणाला होता, "दादा, आबांचा लाभ पोत्यात जात नाही का?"

त्यावरच सगळे हसले होते. मीही हसले होते.

भाकरी तव्यावर टाकून मी संस्थेत गेले. ती करपली असणार, आबांनी काढली की नाही विचारलं नाही. तुमच्या पानांत सुरुवातीलाच लिहिलेलं आहे, जावात मेनला प्रोग्रॅमचं नाव मिळत नाही, शून्यावर पहिलाच निरोप असतो. मी ते वाचलं होतं. वाचून खाली रेघही मारली होती. आणि मेन लिहिताना हातानं सरांचंच लिहिलं. शून्य सोडला, एकपासून घेतलं. शून्यावर बिरदेव वस्ती उभी होती.

मग दोन महिने बरोबर कसं आलं, याचा विचार करत बसले. तेही कळलं. जुनं आणि नवं मी एकापाठोपाठ चालवायची, तेव्हा बोटांच्या सवयीनं नव्यालाही नावापुढं आधी तारीखच टाईप होत होती. ती तारीख शून्यावर जाऊन बसायची आणि तीच सोडली जायची. सप्टेंबरमध्ये जुनं बंद झालं, तारखेची सवय सुटली, आणि तारखेच्या जागी बिरदेव वस्ती गेली.

दुरुस्ती एका आकड्याची आहे. एकचा शून्य करायचा. ते करायला मला बराच वेळ लागला. चूक आहे हे दिसत होतं तरी हात जाईना. त्या फाइलीत ह्यांचं म्हणता येईल असं तेवढंच होतं, बाकी सगळं तुमचं. हे कुणाला सांगण्यासारखं नाही, तुम्हाला सांगते आहे.

केलं. वस्त्यांची नावं टाईप केली. बिरदेव वस्तीचं पान सगळ्यात वर आलं.

मी सर्जेरावांना लगेच जाऊन सांगितलं, मेन मी लिहिलं आहे, चूक माझी आहे. ते विड्याचं पान लावत होते. ऐकून त्यांनी इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "हे मला सांगितलं ते ठीक हाय, ताई. बैठकीत नगा सांगू. तितं म्हणायचं, अमेरिकेच्या माणसाची चूक होती, आमी ती हुडकून काढली. तुमचं नाव ऱ्हाईल अन् खुर्चीबी. त्यो काय हितं येतोय जाब द्यायला?"

बैठक ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात आहे.

झुंबर


शेळगाव
२८ ऑक्टोबर १९९९

नागेशभाऊजी,

तुमचं पत्र बैठकीच्या चार दिवस आधी मिळालं. त्यात तुम्ही लिहिलंत की सर्जेराव म्हणतात तसंच करा. "माझं नाव सांगून टाका, वहिनी. मी इतक्या लांब आहे, मला काय फरक पडतो. तुमची खुर्ची राहू दे. दादासाठी मी काही केलं नाही, एवढं तरी होऊ दे." असे तुमचे शब्द आहेत. मी पत्र दोनदा वाचलं आणि आबांना वाचून दाखवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्यापासून काही लपवलं.

बैठकीचं सांगते.

संचालक नऊ जण आले होते. बिरदेव वस्तीवरून लीलाबाई चुलती आल्या आणि त्यांच्या मागे आणखी पाच-सहा बायका. त्या संचालक नाहीत, पण त्यांना उठा म्हणायची कुणाची छाती झाली नाही. आबा बाहेर पारावर बसून होते. पुण्याच्या कंपनीचा माणूसही आला होता. पांढरा शर्ट, हातात छापील माहितीपत्रकं. बिचारा फार नम्र होता.

सर्जेरावांनी सुरुवात चांगली करून दिली. यादीत घोळ झाला होता, तो सापडला आहे, बिरदेव वस्तीचं सगळं दूध चिठ्ठ्यांवरून लावून दुरुस्त यादी संघाला गेली आहे, संघानं पाण्याचा आरोप मागे घेतला आहे. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "प्रोग्रॅम मल्हाररावांच्या भावानं अमेरिकेतनं धाडला होता. तिकडच्या माणसाला हितली माहिती नसती, चूक व्हायचीच. ताईंनी ती काढली. का, ताई?"

मला फक्त हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं.

मी उभी राहिले. माझा आवाज लहान आहे हे तुम्हाला माहीत आहे, मागच्या लोकांनी दोनदा मोठ्यानं बोला म्हणून सांगितलं. मी म्हणाले, भाऊजींच्या प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तेवढा भाग त्यांनी माझ्याकडे सोपवला होता आणि तो मी लिहिला. तिथं पहिल्या वस्तीची जागा मी मोकळी समजले. ती मोकळी नव्हती, तिथं बिरदेव वस्ती होती. ती ओळ माझी आहे.

मग एक संचालक पुण्याच्या माणसाकडे बघून म्हणाले की अशा वेळी मग अनुभवी माणूस घेतलेला बरा. दोघा-तिघांनी माना हलवल्या. सर्जेराव टेबलाकडे बघत होते. मी मनातल्या मनात ट्रंकेत काय काय भरायचं ते ठरवायला लागले होते, खरं सांगते.

तेव्हा लीलाबाई चुलती बसल्या जागेवरून त्या माणसाला म्हणाल्या, "आन् बाबा, तुजी चूक झाली तर तू कुटं घावनार?"

तो म्हणाला, आमचं पुण्याला ऑफिस आहे, फोन करायचा.

"फोन," चुलती म्हणाल्या. "ही माज्या दारात येऊन सांगून गेली, चूक माजी हाय म्हनून. मी लागट बोलले हुते तिला, तरी आली. आमचं दूध गेलं तवा आमी हिच्या दारात गेलो. उद्या गेलं तर ह्याला हुडकाया पुन्याला जायाचं व्हय?"

मी त्यांच्याकडे गेले होते, हे तुम्हाला लिहायचं राहिलं. दुरुस्ती केली त्याच संध्याकाळी गेले. तेव्हा त्यांनी नुसतं ऐकून घेतलं होतं आणि निघताना छकुलीसाठी खरवस दिला होता.

दत्तोबा मागून म्हणाला, "तुमी म्हणत असाल तर रोज सकाळची यादी मी चिठ्ठ्यांशी ताडून बघतो. मला तसंबी वाचायला दुसरं काय असतंय." लोक हसले आणि खोलीतली हवा जरा सैल झाली.

मार्चअखेरपर्यंत खुर्ची माझी ठेवली आहे. जानेवारीत दोन हजार लागल्यावर याद्या बरोबर आल्या तर पुढे कायम. चुकल्या तर पुण्याचा माणूस. मला हे योग्य वाटतं. तो माणूस जाताना माझ्याकडून डीच्या मोठ्या लिपीचं समजून घेऊन गेला, त्यांचा प्रोग्रॅम जुन्या पद्धतीचा आहे म्हणाला.

बाहेर आल्यावर सर्जेराव माझ्यावर चिडलेले होते. "ताई, तुमी माझं ऐकायला पायजे हुतं. हातची खुर्ची टांगनीला लावली. त्या अमेरिकेवाल्याचं काय जात हुतं?"

त्याचं उत्तर तुम्हाला देते. तुम्ही लिहिलंत, लांब आहे, मला काय फरक पडतो. तुम्हाला पडत नसेल. बैठकीत जी माणसं बसली होती त्यांतल्या निम्म्या लोकांनी तुम्हाला खांद्यावर घेतलेलं आहे. ह्यांच्या वेळी तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल ती बोलतात, माझ्यासमोरही बोलतात. पण त्यांच्या दुधात तुम्ही खोट आणलीत, असं अजून कुणाला म्हणता येत नाही. मी हो म्हटलं असतं तर उद्यापासून ते म्हणता आलं असतं, आणि मग तुम्ही कधी आलात तर एसटीतून उतरल्यापासून घरापर्यंत तेच ऐकत यावं लागलं असतं. कदाचित म्हणून तुम्ही आलाच नसता.

आबांना मी आज सकाळी तुमचं ते पत्र वाचून दाखवलं. लपवणं जमलं नाही. ऐकून ते म्हणाले, "त्याला लिही, हितं त्याच्या नावावर काय टाकायचं न्हाय. यायचं तवा मोकळं येऊ दे."

झुंबर